भिंतीपलीकडचा बेस

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला चर्चचं जड दार ढकलून तो आत आला आणि ती पकडली गेली. रंगेहाथ म्हणायचीही सोय नव्हती, कारण हात बिचारे मांडीवर गपचूप बसले होते. जे काही चाललं होतं ते पायांचं. ऑर्गनच्या बाकाखाली लाकडाच्या लांब पट्ट्या असतात, खर्जातले सूर त्यांच्यावर पायांनी वाजवायचे असतात. तिचे पाय त्या पट्ट्यांवरून अशा काही तालात धावत होते की त्या तालाचं एकही गीत त्या चर्चच्या गीतपुस्तकात नव्हतं.

“म्हणजे... ते तुम्ही आहात,” तो म्हणाला.

उंदीर दिसल्यासारखे तिने दोन्ही पाय वर घेतले. समोर निळ्या कामाच्या कपड्यांतला एक उंच माणूस उभा होता. हाताला कोपरापर्यंत ग्रीस, आणि बोलण्यासाठी त्याने दातांत धरलेली, गिटारच्या तारा छेडायची पिक नुकतीच काढून हातात घेतली होती.

“मी उद्याच्या उपासनेचा सराव करत होते,” ती म्हणाली.

“अच्छा. मग उद्याच्या उपासनेत आमचं तिसरं गाणं आहे वाटतं.”

तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा पहिल्याच चेंडूवर बाद होतो.

भानगड अशी होती. चर्चची मागची भिंत आणि शेजारच्या गॅरेजची भिंत एकच. दर शनिवारी चारला गॅरेजचं शटर अर्धं खाली यायचं आणि आत तिघं जण रॉक वाजवायचे. गिटारवर हा गॅरेजवाला, ज्याला सगळे पाना म्हणत. ड्रम्सवर शाळेतले गणिताचे सर. आणि गायला डाकघरातली एक बाई, जिचा आवाज ऐकून कुत्री आधी पळायची आणि मग परत येऊन बसायची. त्यांचा बेस गिटारवाला, म्हणजे खालचे जाडे सूर सांभाळणारा, दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. नवा माणूस हवा म्हणून त्यांनी गावभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा.

कारण बेस येतच होता. भिंतीतून. सर म्हणाले, हा प्रतिध्वनी आहे, आणि कागदावर गणित मांडून त्यांनी ते सिद्धही केलं. सरांच्या गणिताला कोण नाही म्हणणार? पण त्या शनिवारी तिसऱ्या गाण्यात तिघंही चुकले, आणि प्रतिध्वनी बरोबर वाजला. पाना गिटार खाली ठेवून उठला. चुका सुधारणारा प्रतिध्वनी त्याला बघायचाच होता.

“पण मी सगळ्यात खालचा, सगळ्यात हळू सूर लावला होता,” ती पुटपुटली. “इथे पहिल्या बाकावरसुद्धा नीट ऐकू येत नाही.”

“बारीक आवाज भिंत अडवते. हा जाडा आवाज भिंतीतून चालत येतो. माझे खिळ्याला टांगलेले पाने खुळखुळतात तुमच्यामुळे.”

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं दोन महिने चाललं होतं म्हणायचं. तिने चेहरा ओंजळीत लपवला.

तो हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही. कुणाला सांगणार नाही, म्हणाला. फक्त थांबू नका, एवढीच विनंती... आणि जाताना दाराशी वळून म्हणाला, “त्या तिसऱ्या गाण्यात तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत. आमच्या आधीच्या बेसवाल्याने कधी घेतलं नाही.”

तिला घरी सगळे ठकी म्हणायचे. ठकी दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची, आणि चर्चच्या मंडळीतले निम्मे वडीलधारे रविवारी गायला तोंड उघडत तेव्हा आत तिच्याच हातचे दात चमकत. चर्चचा ऑर्गन वाजवायचं काम तिला आत्याकडून मिळालं होतं. आत्याने एकतीस वर्षं तो वाजवला, मग गुडघ्यांनी संप पुकारला, आणि आईबापाविना वाढवलेल्या भाचीच्या हातात तिने आपले ऑर्गनचे मऊ तळव्यांचे बूट ठेवले. बूट दोन नंबर मोठे होते. ठकीने बोटांपाशी कापूस भरला आणि बसली.

आणि ते वचन. सोळाव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात शेकोटी पेटली होती. एक वक्ते तळमळीने सांगत होते, जे तुम्हाला देवापासून दूर नेतं ते आगीत टाका. ठकीकडे रॉकच्या चौदा कॅसेट होत्या, जिवापलीकडे जपलेल्या. तिने सगळ्या टाकल्या आणि आत्याचा हात धरून म्हणाली, देवा, हे संगीत मी पुन्हा ऐकणार नाही. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नऊ वर्षं ठकीने वचन पाळलं. मग भिंतीतून ती गाणी यायला लागली. कानांवर हात ठेवले तर पायांना कळायचं. मी ऐकत नाही, नुसते पाय हलतात, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण देवापुढे असली वकिली चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. जी देवाचीही आवडती व्हायला बघते आणि त्या गाण्यांचीही, तिला दोन्हीकडून हाकलून देतील, हीच तिची भीती होती. ऑर्गन जाईल, आत्या जाईल. आणि देवही गेला तर?

पुढच्या रविवारी पाना उपासनेला आला. स्वच्छ शर्ट, नखांत तेवढं काळं राहिलेलं. शेवटच्या बाकावर बसला. ऑर्गन वाजवणाऱ्याची मंडळीकडे पाठ असते, म्हणून पास्टरांची खूण दिसावी यासाठी ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला असतो. त्या दिवशी त्या आरशात पास्टर कमी आणि शेवटचा बाक जास्त दिसत होता. पास्टरांनी दोनदा मान हलवली तरी गीत सुरू होईना, तेव्हा त्यांना खोकावं लागलं.

“आरशात बघून वाजवता?” उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर त्याने विचारलं.

“पास्टरांना बघते.”

“पास्टर माझ्या मागे उभे होते का?”

तिने छत्री उघडली. आभाळ निरभ्र होतं.

तिसऱ्या रविवारपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याची गोष्टही तिला कळली. तो याच मंडळीतला. पंधरा वर्षांचा असताना गिटार घेऊन गायला आला, तेव्हा मंडळीचे एक कारभारी वडीलधारे घड्याळकाका, जे प्रवचनाची मिनिटं मोजत, त्यांनी सांगितलं की हे वाद्य देवाच्या घरात शोभत नाही. तो गेला तो अकरा वर्षं आला नाही. देवावर रुसला नव्हता. अजूनही दर इंजिन उघडण्याआधी मनात दोन शब्द म्हणायचा. पण इथे मात्र त्याच्या तोंडून गाणं निघत नव्हतं. ओठ मिटून बसायचा, तिने आरशात पाहिलं होतं.

“तुला भीती नाही वाटत?” तिने विचारलं. “हे सगळं वाजवताना?”

“मी बोलताना पुष्कळ खोटं बोलतो. गाडी उद्या देतो म्हणतो आणि परवा देतो. पण वाजवताना मला खोटं बोलता येत नाही. देवाला तेवढा एक तास तरी मी खरा सापडतो.”

तिला त्या क्षणी तो फार आवडला. तिने विषय बदलून गॅरेजच्या शटरला तेल लाव म्हणून सांगितलं.

चौथ्या शनिवारी ठकीचे पाय रंगात आले होते. वाजवून झालं, तिने आरशात पाहिलं, तर मधल्या बाकावर आत्या. काठी मांडीवर आडवी. किती वेळ बसली होती कोण जाणे.

आत्या काठी टेकत घरी निघाली. झोपायला जाताना म्हणाली, “तू देवाला शब्द दिला होतास, ठकी. माझा हात धरून.”

दुसऱ्या दिवशी ठकीने पायऱ्यांवर पान्याला सांगून टाकलं की आता हे बंद. तो हो म्हणाला. समजावलं नाही, हट्ट केला नाही. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी ती घरातच बसली. भिंतीपलीकडे तिघं वाजवत असतील, सगळं पोकळ वाजत असेल. तिने गुडघे टेकले, डोळे मिटले. शब्द आले, नेहमीचे, पाठ असलेले, सुकलेल्या भाकरीसारखे. मग तिला अचानक उमगलं की गेले दोन-तीन महिने आठवड्यातली तिची खरी प्रार्थना शनिवारीच होत होती. बेस वाजवताना तिने आई मागितली होती, आत्याचे गुडघे मागितले होते, एकदा तर रडत रडत आभार मानले होते. एक शब्द न बोलता. आणि ती शेकोटी? त्या आगीत कॅसेट टाकताना तिला देव आठवलाच नव्हता. सगळे टाकत होते आणि आपण एकटीच उभी राहू, याची भीती वाटली होती. तिने देवाला प्रेम दिलं नव्हतं, घाबरून हातातलं दिलं होतं.

त्या मंडळीत प्रवचनानंतर साक्ष देण्याची पद्धत होती. ज्याला देवाने आठवड्यात काही दाखवलं असेल त्याने उभं राहून सांगायचं. बहुधा कुणाचा ताप उतरलेला असायचा. त्या रविवारी पास्टरांनी विचारलं, आणि ऑर्गनच्या बाकावरून ठकी उठली. पायांत ते मोठे बूट.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “तुम्ही मला ऑर्गन दिलात, आणि मी दर शनिवारी त्यावर शेजारच्या गॅरेजमधली रॉकची गाणी वाजवत होते. लपून. हे संगीत ऐकणार नाही असं मी देवाला वचन दिलं होतं, ते मोडलं. मोडल्याबद्दल मी त्याची माफी मागितली आहे. पण...” तिने आत्याकडे पाहिलं. “पण ते मला आवडतं. लहानपणापासून आवडतं. मी ते टाकून त्याच्यापुढे गेले तेव्हा अर्धीच गेले. ते वाजवताना मी पहिल्यांदा पूर्ण गेले. त्याने मला परत पाठवलं नाही. तुम्हाला वाटत असेल की मी या बाकावर बसू नये, तर उठते. पण लपून आता काही करणार नाही.”

घड्याळकाकांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावर काठी आपटली. आत्या उठली. गुडघे करकरले.

“मी त्या शनिवारी तासभर बसले होते,” आत्या भाचीकडेच बघत म्हणाली. “उठून जावं असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, म्हणून रागावले. त्या आगीपाशी तुला मीच नेलं होतं, पोरी. मला वाटलं, तू आनंदाने टाकते आहेस.” मग तिने नाक पुसलं. “शेवटचं गीत राहिलंय ना? वाजव. चोरून वाजवतेस तसं नको, सगळं उघडून वाजव. आणि डावी टाच वापर. नुसत्या चवड्यांवर काय नाचतेस?”

ठकी बसली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण ऑर्गनला डोळे लागत नाहीत. तिने आवाज उघडणाऱ्या सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या. हातांखाली तेच जुनं गीत, सगळ्यांना पाठ असलेलं, आणि पायांखाली तो धावता, दणकट, हट्टी बेस. पहिली ओळ मंडळी बावचळली. दुसऱ्या ओळीला कुणीतरी बाकावर ताल धरला. गणिताचे सर. ते कधी येऊन बसले होते देव जाणे. आणि मग मागून एक आवाज उठला, जरा घोगरा, जरा बेसूर, अकरा वर्षं बंद ठेवलेला. पाना गात होता. लोक उभे राहिले. आजीबायका टाळ्या वाजवत होत्या, पोरंटोरं उड्या मारत होती, फरशी पायांखाली थरथरत होती. ठकी डाव्या टाचेने वाजवत होती, रडत होती, हसत होती, आणि देव तिला इतका जवळ वाटत होता की हात मागे केला तर लागेल.

घड्याळकाका काही उभे राहिले नाहीत. गीत चार मिनिटं लांबलं, असं त्यांनी नंतर पास्टरांना सांगितलं. सगळेच कुठे एका रविवारी बदलतात?

पायऱ्यांवर लोकांनी तिला घेरलं होतं. काहींनी हात हातात घेतले, दोघी-तिघी न बोलता निघून गेल्या. गर्दी पांगली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता.

“दुसऱ्या कडव्यात सूर सुटला तुझा,” ती म्हणाली.

“तू सांभाळून घेतलास.” तो थांबला. “बँडमध्ये बेसची जागा रिकामी आहे.”

“ऑर्गन काय पाठीवर टाकून आणू?”

“आम्हीच येऊ. पास्टरांना विचारलं. शनिवारी, दारं उघडी ठेवून, असं म्हणाले.” मग त्याने काळी नखं खिशात लपवली आणि पहिल्यांदाच त्याचे शब्द अडखळले. “आणि... बँडचं झालं. माझं वेगळं विचारायचं होतं. तू आज इतकं बोललीस, आता लगेच उत्तर नको. पुढच्या रविवारी सांगितलंस तरी...”

ठकीने त्याच्या खिशातून त्याचा हात बाहेर काढला, काळ्या नखांसकट.

“एका रविवारी दोन साक्षी चालतात का, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण लपून काही करणार नाही म्हणाले ना मी. मला तू आवडतोस. खूप.”