डाव्या नाकपुडीचा हट्ट

नाकात घालायच्या थेंबांची बाटली उजेडात धरली की आतली पातळी नीट दिसते. दर शनिवारी मी त्या पातळीवर पेनाने बारीक रेघ मारते. त्याच्या बाटलीवर अशा पाच रेघा आहेत. शेवटच्या तीन एकावर एक बसल्या आहेत.

तो पहिल्यांदा आला तो शेजारी सुतळी घ्यायला निघालेला. आमच्या औषधांच्या दुकानाची पाटी दिसली म्हणून वळला.

"नाक मोकळं करायचे थेंब द्या. महिन्यातली चौथी बाटली."

तोंडाने श्वास, बोटांवर वाळलेला डिंक. पुस्तकं बांधायचं काम.

"ॲलर्जी आहे?"

"सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरचे म्हणतात, नाटकं करतो."

"नाटकं नाहीत. डिंकाचा उग्र वास, गार हवा... काही नाकांना तेवढंही पुरतं. पण आता चोंदतंय ते या थेंबांमुळेच. चार-पाच दिवसांपुढे घातले, की त्यांचा असर उतरल्यावर नाक जास्तच सुजतं."

नवी बाटली मी दिली नाही. खिशातली अर्धी मागून घेतली, पहिली रेघ मारली.

"आधी उजव्या नाकपुडीचे बंद. डावीने श्वास चालू राहील. उजवी सुटली की डावीचे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा. डिंकाचं भांडं झाकून, खिडकी उघडी ठेवून काम करा. आणि डॉक्टरांना सांगा."

गल्ल्यावर बसलेला माझा थोरला भाऊ, दादा, खुर्चीतून म्हणाला, "अगं, आपण दुकान चालवतो ना?"

दुसऱ्या शनिवारी मी विचारलं, "उजवी कशी आहे?"

"शहाणी. तुमचं ऐकते."

"आणि डावी?"

"ती... हट्टी आहे."

पुढे प्रत्येक शनिवारी डावी हट्टीच राहिली. रेघ मात्र हलेना. आणि तो ओठ मिटून, शांत श्वास घेत समोर उभा. मला कळत होतं. पण बोलले असते तर शनिवार संपले असते. मीही रेघेवर रेघ मारत राहिले.

"शनिवारी तुझा चष्मा फार चकचकीत असतो," दादा म्हणायचा.

आज त्याने बाटली पुढे केली. "डावी अजून जरा—"

मी पेन उचललं नाही. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"तीन आठवडे तुम्ही एक थेंबही घातलेला नाही."

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला... कधीपासून माहीत होतं?"

"रेघ पहिल्यांदा हलली नाही, तेव्हापासून."

दादाने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं.

"मग आता मी कशासाठी येऊ?" त्याने हळूच विचारलं.

"औषधासाठी येऊ नका." त्याचा चेहरा उतरला, तशी मी चष्मा काढून ठेवला. "सात वाजता मी सुटते. दाराशी थांबा. मला तुमच्याबरोबर चालत घरी जायचंय... आज, आणि रोज."