कुंपणाची देखणी बाजू

वादळानं कुंपण आडवं केलं आणि हेस्टरला पहिल्यांदाच शेजारी नीट दिसला... पायजम्यात, हातात चहाचा मग, पायांत दोन वेगवेगळे बूट. तिच्याही केसांत उशीतलं पीस अडकलं होतं. दोघांनी एकमेकांचं ध्यान बघून घेतलं. फिट्टंफाट झाली.

"कुंपण माझं आहे. मीच उभं करून देईन," तो म्हणाला. "मी जोनास."

"सावकाश होऊ द्या," हेस्टर म्हणाली.

त्यानं ते फारच मनावर घेतलं. ईस्टर येऊन गेला तरी कुंपण आडवंच. यॉर्कशरच्या त्या चढाच्या गल्लीत दोन परसं एक झाली. संध्याकाळचं ऊन फक्त जोनासच्या बाकावर यायचं, म्हणून हेस्टर खुर्ची विणायला तिथे बसू लागली. मोडक्या खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणून देणं हा तिचा धंदा. स्वयंपाकघरात इतक्या खुर्च्या साठल्या होत्या, की जेवायचं उभ्यानं.

"मागे एक शेड टाका की," तो म्हणाला.

"टाकणारच आहे. जागाच ठरत नाहीये. तुम्ही जरा शेड व्हा ना!"

आणि तो खरंच झाला. भुरभुर पावसात हात पसरून उभा राहिला. ती खिडकीतून ओरडायची, "फार झाकताय! डावीकडे सरका!"

"शेडला नाक खाजवायची परवानगी आहे का?"

"नाही!"

ती हसायची, तो भिजायचा. समोरच्या मिसेस थ्वेट पडदा बाजूला करून दोघांचीही नोंद घ्यायच्या.

मे महिन्यात एका शनिवारी हेस्टर खुर्च्या पोचवायला लीड्सला गेली. परतली, तर कुंपण उभं. नवं कोरं. आणि तिच्याकडे केलेली बाजू — उलटी!

तिकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुंपण घालणारा गुळगुळीत, देखणी बाजू शेजाऱ्याकडे करतो. आडव्या पट्ट्या न् खिळे आपल्याकडे ठेवतो. इथे सगळ्या पट्ट्या हेस्टरच्या नशिबी. वर त्यांच्यावरून ताणून बांधलेल्या तारा!

"तारा कशाला गं?" मिसेस थ्वेटनी फाटकातून विचारलं. "मांजरांसाठी?"

"माझ्यासाठी असतील," हेस्टर फणकारली. "उडी मारून येईन म्हणून!"

हेस्टरच्या डोक्यात प्रत्येकाचं खातं उघडलेलं असे. कोणी नमस्कार चुकवला, कोणी केक नेऊन ताट परत केलं नाही... सगळं जमेला. जोनासच्या खात्यात आजवर फक्त चहा होता. आज ते पान रागानं भरून वाहिलं. कुंपण नव्हतं तेव्हा एवढा गोड माणूस, आणि फळ्या उभ्या राहताच पाठ फिरवतो? मग आपण बाकावर बसून इतके दिवस काय विणत होतो... वेतच?

तिनं खुंट्या उचलल्या, सुतळी घेतली आणि शेडची जागा ठरवून टाकली. कुंपणाला अगदी खेटून, त्याच्या बाकासमोर. संध्याकाळचं ऊन गेलं म्हणावं आता!

खुंट्या ठोकल्याचा आवाज ऐकून कुंपणावर जोनासचं डोकं उगवलं.

"इथे? अहो, इथे नको!"

"का? ऊन जाईल? जाऊ दे!"

"उन्हासाठीच म्हणतोय, पण—"

"आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती का? येऊ नकोस म्हणाला असतास तर आले नसते मी! असली उलटी बाजू कशाला दाखवायची? तू... तू अत्यंत उद्धट माणूस आहेस!"

रागाच्या भरात 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं. ते दोघांनाही ऐकू आलं.

जोनासचे कान लाल झाले. आता तोही भडकला. "उद्धट? माझी आई सकाळपासून बोलत नाहीये माझ्याशी, उलटं कुंपण घातलं म्हणून! गुळगुळीत फळ्यांवर वेल चढत नाही, त्याला धरायला काही लागतं, असं कोण म्हणालं होतं? माझ्या बाकावर बसून? जांभळ्या फुलांचा वेल हवाय, पण शेजाऱ्यांची कुंपणं मेली सपाट असतात... कोण म्हणालं होतं?"

हेस्टरनं हातोडा खाली ठेवला.

तीच म्हणाली होती. साऱ्या गल्लीचे अपमान तोंडपाठ असलेली हेस्टर स्वतःचं वाक्य मात्र साफ विसरली होती.

"आणि तारा...?" तिचा आवाज उगाचच बारीक झाला.

"वेलासाठी. वाटलं, बघताक्षणी ओळखशील." तो म्हणाला, "त्याला ऊन लागतं. तू शेड नेमकी त्याच्या जागेवर ठेवते आहेस."

हेस्टरला आता स्वतःचाच राग आला, आणि तो काढायला समोर तोच होता. "मग बोलायला काय झालं होतं? मी काय तारांवरून माणसं ओळखते? मूर्ख कुठला!"

तिनं खुंटी हिसकून उपटली. मग दुसरी. सगळ्या उपटल्या आणि घामाघूम होऊन त्याच्याकडे पाहिलं.

"बघतोस काय? इकडे ये. वरच्या कोपऱ्यात उभा राहा. शेड हो."

"येऊ कुठून? कुंपण आहे."

"तूच घातलंस ना?"

"एक फळी काढतो," जोनास हळूच म्हणाला. "...नाहीतर दोन. तिथे लहानसं फाटकच बसवलं तर?"

"कडी माझ्या बाजूला राहील," हेस्टर कडाडली. "राग आला की बंद करेन. आणि मला फार येतो!"

"ते कळलं. सगळ्या गल्लीला कळलं." तो हसू दाबत होता, पण नजर तिच्यावरच होती. "आणि फाटकाची देखणी बाजू? ती कुणाकडे?"

हेस्टरनं सुतळी बोटाभोवती गुंडाळली... सोडली... पुन्हा गुंडाळली.

"तुझ्याकडे," ती म्हणाली. या वेळचा 'तू' रागाचा नव्हता. मग घाईघाईनं आवाज चढवला, "रीत आहे म्हणून! उगाच दात काढू नकोस!"