तोंड भिंतीकडे

भडक्याच्या धुलाईच्या दुकानात टीव्हीवाल्यांचा टेम्पो आला, दोन पोती टाकून गेला. नेहमीचंच काम. एका पोत्यात गबदूचं अंग, दुसऱ्यात गबदूचं डोकं.

आता गबदू कोण ते सांगतो, घरात पोरं नसतील त्यांना ठाऊक नसेल. सकाळी पोरांचा कार्यक्रम लागतो, त्यात हा माणसाएवढा पिवळा ढेरपोट्या बाहुला नाचतो. बोलत नाही. आत माणूस असतो. डोळे बशीएवढे, मिटत नाहीत. तोंड हसरं, तेही मिटत नाही. पोरं त्याच्यावर जीव टाकतात आणि मोठ्या माणसांना तो बघवत नाही. दुकानातली इस्त्रीवाली मावशी म्हणायची, "मेलं कुठंही उभं राहा, आपल्याकडंच बघतंय."

"स्पंज आहे तो, मावशी. स्पंजाला काय घाबरतेस?" भडक्या म्हणायचा.

"हसणारा माणूस कधीतरी थांबतो रे. हा थांबतच नाही."

ज्या म्हाताऱ्यानं भडक्याला हा धंदा शिकवला, त्यानं एक गोष्ट बजावली होती. असल्या सोंगाचं डोकं वाळत ठेवायचं ते तोंड भिंतीकडे करून. का, ते सांगितलं नाही. भडक्यानंही विचारलं नाही, नुसतं पाळलं.

भडक्या हे नाव लोकांनी उगाच नव्हतं ठेवलं. चहा गार झाला तरी आवाज आभाळाला. हात कधी कुणावर टाकला नाही, पण आवाज हातापेक्षा वाईट. त्याची धाकटी पोर, ठमी, बापाची चाहूल लागली की आईच्या मागे. कडेवर घ्यायला गेला तर लाकडासारखी ताठ व्हायची. शेवटी बायकोनं साफ सांगितलं, "आणखी एकदा ओरडलात ना, तर पोरीला घेऊन आईकडे जाईन. मग न्यायला यायचं नाही."

हे त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. ओरडायचं नाही, ओरडायचं नाही, असं घोकायचा आणि त्या घोकण्याचाच राग यायचा.

त्या दुपारी आभाळ भरलेलं. वाळायचं नाव नाही. गबदूचं डोकं स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. मागून कोरडं झालं, पण तोंडाचा स्पंज निथळतोय. पंखा या बाजूला. मावशी जेवायला गेलेली. भडक्या वैतागला. "खड्ड्यात गेली ती भिंत," म्हणाला आणि डोकं फिरवून पंख्याकडे केलं.

म्हणजे स्वतःकडे.

जरा वेळ पंखा तेवढा घरघरत होता. टप... टप... पाणी पडत होतं. भडक्या कॉलर घासायचा, वर बघायचा, पुन्हा घासायचा. ते हसत होतं.

"काय बघतोस रे?" शेवटी तो म्हणाला. "तुझ्याकडं पोरं पळत येतात, म्हणून माज आलाय?"

तेवढ्यात दुकानामागेच त्याचं घर होतं, तिथल्या खोलीत पावलं वाजली. ठमी झोपेतून उठली होती. आणि भडक्याच्या डोक्यात काय आलं देव जाणे, त्यानं ते ओलं डोकं उचललं आणि आपल्या डोक्यावर चढवलं.

आत साबणाचा वास. त्याखाली कुणाचा तरी जुना घाम. गबदूच्या तोंडातल्या जाळीतून तेवढं बाहेरचं दिसत होतं.

"गबदूऽऽ!"

पोरगी धावत आली ती थेट मांडीवर. ताठ नाही, लोण्यासारखी मऊ. भडक्याला आत हुंदका फुटला, तो त्यानं दातांखाली धरला. बोललो तर पळेल.

ठमी त्याच्या स्पंजाच्या कानाशी लागली.

"गबदू... बाबा ओरडतात."

तिनं तो कान आणखी जवळ ओढला.

"त्यांना तू घे ना... तुझ्या आत ठेव. मग ओरडले तरी कुणाला ऐकू येणार नाही."

आणि गबदूनं मान डोलावली.

भडक्यानं नाही. त्याची मान आत खुंटीसारखी ताठ होती. पण जाळी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. जाळीतली ठमी वर झाली, खाली झाली. हसली.

त्यानं ते डोकं उपटून फेकलं. आता पोर किंचाळणार, असं वाटलं. पण ती बघत राहिली, आणि शांतपणे म्हणाली, "भूक लागली."

त्या दिवसापासून भडक्या ओरडला नाही. बायको म्हणाली, देव पावला. मावशीनं गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला, तरी हा हसला. पण त्याला चैन नव्हतं. पडलेल्या दाताची जागा जीभ चाचपते, तसा तो आपला राग चाचपायचा. ओरडावंसं वाटायचं. तोंड उघडायचं, गाल ताणले जायचे, आणि हसूच बाहेर यायचं. झोपेतही.

पुढच्या खेपेला पोती घेऊन गबदूच्या आत शिरणारा माणूस स्वतः आला. वाळलेला, डोळे खोल गेलेले. डोकं स्टुलावर ठेवलं आणि लांब सरकला.

"दादा, एक विचारतो... हसू नका."

"नाही हसत," भडक्या हसत म्हणाला.

"हे चढवलं ना, की आत आधीच कुणीतरी असतं. कानाशी श्वास घेतं... चिडल्यासारखं. काल तर पोरं भोवती नाचत होती आणि ते ओरडत होतं. घसा फाटेस्तोवर. बाहेर कुणाला काही नाही."

मावशीच्या हातातली इस्त्री थांबली. "काय ओरडत होतं?"

"एकच... ठमे, ठमे, म्हणून."

भडक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते.

मागून ठमी आली. तिनं स्टुलावरचं डोकं दोन्ही हातांनी नीट फिरवलं, तोंड भिंतीकडे केलं, वर थोपटलं.

"बाबा, तिकडं बघा हं," ती डोक्याला म्हणाली.

मग वळून तिनं भडक्याचं बोट धरलं.

"चल गबदू, जेवायला."