बाकाखालची बॅटरी

दुकानात बॅटरी निवडतानाच खरं तर घोळ झाला होता.

बोटीवरच्या टेपसाठी ज्ञानदेव मेश्रामांना चांगली मोठी बॅटरी हवी होती. इंजिन सुरू करणारी बॅटरी एका दणक्यात सगळा जोर लावते. टेप तासन्‌तास वाजवायचा तर दमाने वीज देणारी वेगळ्या जातीची बॅटरी लागते, असं दुकानदाराने सांगितलं. ज्ञानदेवांना ते पटलंही. पण बरोबर राजीवकाका होते ना! नागपूरपासूनचे मित्र, इथे परदेशातही सोबत, मनाने सोनं; मात्र जगातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्यांची पक्की समजूत.

"तशी एकच घे. जोडीला माझ्या जुन्या गाडीची बॅटरी पडलीय गराजमध्ये," ते म्हणाले. "दोन्ही जोडून टाकू. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर आम्ही असंच करायचो. पहाटेपर्यंत भोंगे वाजायचे."

ज्ञानदेवांची तेरा वर्षांची मुलगी जागृती शेजारीच उभी होती. बाबा नाही म्हणतील असं तिला वाटलं, पण त्यांनी एकाच बॅटरीचे पैसे दिले. आई गेल्यापासून बाबा कुणाशी वादच घालत नसत.

आई हिवाळ्यात गेली. त्या बोटीवर तिचा फार जीव. पुढच्या बाकावर बसून ती बुद्धवंदना म्हणायची, तेव्हा बाबा इंजिन बंद करून ऐकत राहायचे. तिच्या आवाजातली एकच कॅसेट घरात होती आणि ती लावायची हिंमत कुणाला होत नव्हती. मग बाबांनीच ठरवलं, की बुद्धपौर्णिमेनंतरच्या लाँग वीकेंडला फ्रिस्कोजवळच्या तळ्यावर सगळे जमतील तेव्हा बोटीवर आईची वंदना लावायची. आई गेल्यानंतर बाबांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट. तिच्यात काही विघ्न येऊ नये, एवढंच जागृतीला हवं होतं.

आणि नेमकं तिलाच विघ्न आणावं लागलं.

त्या दिवशी सकाळी ती, तिचा दहा वर्षांचा भाऊ कुशल आणि शेजारचा वेदांत बोट सजवायला धक्क्यावर गेले. बोट दोरांनी बांधलेली होती. धक्क्यावरच्या प्लगमधून चार्जरची वायर पुढच्या बाकाखाली, राजीवकाकांनी रात्रीच जोडून ठेवलेल्या दोन बॅटऱ्यांकडे गेली होती. निळ्या-पांढऱ्या पताका लावता लावता वेदांतने नाक दाबलं.

"कुशल, यार! सकाळी सकाळी?"

"मी नाही! आय स्वेअर!" कुशल भडकला.

वास कुजलेल्या अंड्यांचा होता. पाण्यात मेलेला मासा असेल म्हणून तिघांनी धक्क्याखाली शोधलं. काही नव्हतं. बोटीच्या मागच्या टोकाला वास येत नव्हता, पुढे आलं की नाकात भरायचा. जागृतीने बाकावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ऊन अजून तिथवर पोचलं नव्हतं, तरी बाक गरम होता.

पावसाचं पाणी शिरू नये म्हणून राजीवकाकांनी बाकाच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. एक पट्टी उचलून तिघांनी आत डोकावलं. नवी बॅटरी ठीक दिसत होती. जुनीच्या कडा मात्र फुगल्या होत्या आणि आत पाणी उकळल्यासारखा बुडबुड आवाज येत होता.

जागृतीला एक प्रयोग आठवला. शाळेत सायन्सच्या टीचरने बॅटरीच्या वायरी पाण्यात सोडून बुडबुड्यांतला वायू नळीत धरला होता. नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेताच फट्‌ असा आवाज झाला होता. ती तर बोटाएवढी नळी. इथे तोच वायू साचलेला, रात्रभर बंद असलेला अख्खा बाक होता, आणि त्याच बाकावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि आईचा फोटो मांडून मेणबत्ती लावायची होती.

वेदांतने धावत जाऊन प्लग काढला. जागृतीने बाबांना गाठून सगळं सांगितलं. बाबांनी राजीवकाकांकडे पाहिलं. काका हसले. म्हणाले, तळं म्हटलं की वास येणारच. मुलांनी वायरींना हात लावू नये. आणि त्यांनी पट्टी पुन्हा चिकटवून प्लग खोचला.

"बाबा, प्लीज," जागृती म्हणाली. "मेणबत्ती गवतावर लावू या."

"तुझी आई त्या बाकावर बसायची, बेटा," बाबा एवढंच म्हणाले.



मंडळी बोटीवर चढली. आईची मैत्रीण असलेल्या वसुधामावशींनी बाकावर पांढरं कापड अंथरून मूर्ती आणि फोटो मांडले. कुशलने कॅसेट टेपमध्ये घातली. मावशींनी मेणबत्ती उभी केली, बाबांनी काडेपेटी काढली.  काडेपेटी पाहून जागृतीला रडूच फुटलं. पण रडायला वेळ होता कुठे? ओरडून कुणी ऐकणार नव्हतं. बाबा जिच्यामागे धावतील अशी एकच वस्तू बोटीवर होती. ती कुशलच्या कानाशी वाकली.

कुशलने बटण दाबलं, कॅसेट उपसली आणि धक्क्यावर धूम ठोकली.

"कुशल! ती पाण्यात पडेल!" बाबा काडेपेटी टाकून त्याच्यामागे धावले. वसुधामावशी धावल्या, पाठोपाठ बाकीचेही. जागृतीने राजीवकाकांचा हात ओढला, पण त्यांनी तो झटकला. पोरं डोक्यावर बसलीत म्हणाले, आणि बॅटरी कशी धडधाकट आहे ते दाखवायला त्यांनी बाकाचं झाकण उघडलं. वेदांतने जागृतीला मागे खेचलं. काकांनी जुन्या बॅटरीवरचा वायरीचा चिमटा हलवला. निळी ठिणगी उडाली.

स्फोटाने सगळा धक्का हादरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण असं अवलक्षण वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. काका पाठीवर पडले होते आणि त्यांच्या हातांवरून अ‍ॅसिड ओघळत होतं. चष्म्याच्या काचा तडकल्या होत्या, पण डोळे वाचले. जागृतीने धक्क्यावरचा पाण्याचा पाइप ओढला आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकांच्या हातांवर, तोंडावर पाणी सोडत राहिली. ते ओरडत होते. वेदांतने प्लग पुन्हा काढला. आईच्या फोटोची काच बोटीत साचलेल्या पाण्यात विखुरली होती.

हॉस्पिटलमध्ये काकांचे हात कोपरापर्यंत बांधले होते. जागृती दारातच थांबली. त्यांनी मानेने जवळ बोलावलं.

"सगळे तिथे असते तर..." त्यांनी बांधलेल्या हातांकडे पाहिलं. "शहाणी तू निघालीस, पोरी. मी नुसताच वयाने वाढलो."

डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे हात वाचले, पण डाव्या हाताची बोटं पहिल्यासारखी वळणार नाहीत. ते ऐकून कुणालाच जिंकल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये बाबा आणि दोन्ही मुलं गाडीत बसली. जागृती मागून हळूच म्हणाली, "सॉरी बाबा. आईची वंदना राहिली."

बाबा वळले. त्यांचे डोळे लाल होते.

"तुझ्या आईनंतर माझ्याजवळ तुम्ही दोघं उरलात, आणि मी काडी घेऊन उभा होतो. तू दोनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. यापुढे ऐकेन." मग त्यांनी हात पुढे केला. "कॅसेट कुठाय?"

कुशलने मूठ उघडली. सकाळपासून त्याने ती खाली ठेवली नव्हती. बाबांनी ती गाडीच्या टेपमध्ये सरकवली. थोडी खरखर झाली, आणि मग, वंदना सुरू होण्याआधीच, आईचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"कुशल, आधी बूट काढ. मग हात जोड."

मागच्या सीटवर कुशल वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला. जागृतीनेही सोडली. मग पुढे बाबाही बुटांकडे वाकले.