रॉस्कोचं कडवं

माझा धाकटा भाऊ लुशियस याला दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. वेळेवर येणं आणि गप्प बसणं. पहिलीपायी त्याची बायको सोडून गेली. दुसरीपायी काय झालं ते सांगते.

खरं आहे. माझ्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, ह्या दोन कानांनी ऐकलंय. मी शिकले कमी, पण बहिरी नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं.

डेट्रॉइट. एक्क्याऐंशी सालचा फेब्रुवारी.

लुशियसच्या ग्रुपचं नाव 'फोर लँटर्न्स'. लुशियस, रॉस्को, थॅडियस, एलरी. चौघं आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर गात मोठी झाली. रेडिओवर वाजली, एकसारखे निळे सूट घालून गावोगाव फिरली. पुढे जमाना फिरला, सूट पोटावर बसेनात. आणि वीस वर्षांनी अचानक मोठ्या थिएटरचं बोलावणं आलं! लुशियसचे पाय जमिनीला लागेनात.

त्याच आठवड्यात रॉस्को गेला.

त्यांच्या गाजलेल्या गाण्यात एक कडवं रॉस्कोचं. जड, खर्जातलं. गाण्याआधी घसा खाकरायची त्याला सवय. त्याचं झालं की लुशियस वरच्या सुरात उत्तर द्यायचा. त्या ओळीवरच बायका किंचाळायच्या.

आमच्या गाणाऱ्यांत रीत आहे. सोबत्याच्या मयताला त्याचं कडवं कोणी गात नाही. पायाने ताल धरून नुसतं उभं राहायचं. ते कडवं तो स्वतः गातो... आणि जातो.

रॉस्कोच्या मयताला थॅडियस आणि एलरी ताल धरून उभे होते. अख्खं चर्च चिडीचूप.

आणि लुशियसने तोंड उघडलं.

हुबेहूब रॉस्को. खाकरण्यासकट! थिएटरवाला पुढच्याच बाकावर होता ना.

कडवं संपलं. आता वरची ओळ. पण एका तोंडात दोन आवाज मावत नाहीत. लुशियसचा दम संपला.

त्याची ओळ... रिकामी गेली.

"अरे, काय करून बसलास?" बाहेर बर्फात थॅडियस म्हणाला. "आता तो जाणार कुठून?"

"दारातून जाईल! लोक रडले की नाही, ते सांग."

पुढच्या रविवारी तिघं माझ्याकडे तालमीला आले. मी कोंबडी तळत होते.

"ताई, जळतेय ती," लुशियस म्हणाला.

"तू आपला गळा सांभाळ. माझी कढई मी बघते."

गाणं सुरू झालं. रॉस्कोचं कडवं एलरीने कसंबसं ओढलं. लुशियसची पाळी आली. त्याने छाती फुगवली, तोंड उघडलं...

आधी कोणीतरी घसा खाकरला.

मग ती ओळ आली.

लुशियसच्या तोंडातून नाही. खोली तापवणाऱ्या रेडिएटरशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून...

ओळ लुशियसची. आवाज रॉस्कोचा. जिवंतपणी रॉस्को इतका वर कधी गेला नव्हता.

तेल तडतडत होतं.

लुशियसच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ओठ हलत होते. आतून वारासुद्धा नाही.

"ताई..." बोलता येत होतं त्याला. "मी गातोय ना?"

मी कपाटातली जुनी रेकॉर्ड लावली. शेकडो वेळा ऐकलेली. सुई फिरत फिरत त्या ओळीपाशी आली...

आणि रेकॉर्डमध्ये कोणीतरी घसा खाकरला.

"परत गा," मी म्हटलं. "आता रॉस्कोचं कडवं मोकळं सोडा."

सोडलं. नुसता पायांचा ताल. त्या मोकळ्या जागेत कोणीच आलं नाही.

वरच्या ओळीला खुर्ची करकरली. आणि तो गायला. ह्या वेळी जास्त मोकळा, जास्त गोड... मुक्कामाला आल्यासारखा.

थिएटरचा कार्यक्रम झालाच नाही. थॅडियसने नंतर तोंडातून सूर काढला नाही. रेकॉर्ड मी फोडली. खुर्ची फेकवत नाही. तिला हात लावायची हिंमत घरात कोणाची आहे?

लुशियस अजून दर रविवारी येतो. उशिराच. जेवतो, निळा कोट चढवतो, रेडिएटरपाशी उभा राहतो.

"आज येईल बघ, ताई. आतून वाटतंय."

मागच्या रविवारी त्याने तोंड उघडलं, आणि खुर्चीकडून खाकरण्याचा आवाज आला...

मी त्याला बाही धरून खाली ओढलं.

"बस खाली, लुशियस. तुझी जागा भरली."