नवापूरचा शिक्का

"तुम्ही शिक्का मारता की मुसळ घालता?"

नवापूरच्या पोस्टाच्या खिडकीतून हा प्रश्न आत आला, तेव्हा नवा कारकून शमुवेल शाईच्या गादीवर वर्तमानपत्र धरून बसला होता. १९३८चा जुलै होता आणि तिसऱ्या दिवशीही कौले गळतच होती. त्याने मान वर केली. गजांपलीकडे एक मुलगी उभी होती. ती नखशिखांत भिजली होती. तिच्या हातातले पाकीट मात्र कोरडे होते.

"काय झाले?"

"हे पाहा." तिने पाकीट आत सरकवले. जर्मनीचे तिकीट, त्यावर जहाजाचे चित्र, कोपऱ्यावर स्टुटगार्टचा रेखीव गोल शिक्का. "आणि शिडावर बसलेला हा काळा ढेकूण, तो तुमचा. आलेल्या पत्रावर आपला शिक्का मागच्या बाजूला मारायचा असतो."

"पोस्टाचे नियम मला तुम्ही शिकवणार?"

"कोणीतरी शिकवायला हवेत."

त्याला हसू आले. ते लपवण्यासाठी त्याने दौत उगाचच सरकवली. "नाव काय तुमचे?"

"तक्रार लिहून घेता?"

"नाही... लक्षात ठेवतो."

ती पदराचे पाणी पिळीत म्हणाली, "एस्तेर. मिशनच्या दवाखान्यात औषधे देते."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई जर्मन होत्या. दर पंधरवड्याला त्यांच्या आईचे पत्र येई. पत्र वाचून झाले की पाकीट एस्तेरला मिळे. दवाखान्यातल्या इतरांनी तिला सांगून पाहिले होते, की पाकीट पाण्यात भिजव, तिकीट सुटेल, तेवढेच वहीत चिकटव. तिने ते कधीच केले नाही. तिकीट सुटले की ते कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी निघाले, हे सारे पाण्यात जाते, असे तिचे मत होते. औषधाच्या रिकाम्या खोक्यात तिने सारी पाकिटे तारखेच्या क्रमाने, उभी लावून ठेवली होती.

त्या दिवसापासून शमुवेल जर्मनीच्या पत्रासाठी शिक्का आधी चिंधीने पुसून घेऊ लागला. एक ठसा कोऱ्या कागदावर पाहायचा, मग पाकीट उलटे करून डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, दुसरा. इंग्रजीतले 'नवापूर' अक्षर न् अक्षर वाचता यायला हवे. वास्तविक पत्रे वाटण्यासाठी पोस्टमन होता. तरीही एस्तेर दर टपालाला खिडकीशी येई, आणि पोस्टमनही त्याबद्दल काही बोलत नसे.

"आज जहाज आहे की फूल?" ती विचारी.

"ओळखा."

"फूल."

"चूक. आज तुम्ही हरलात."

"हरले तर काय द्यावे लागेल?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

एकदा त्याने विचारले, "हे सगळे कशासाठी गोळा करता, एस्तेरबाई?"

"मी कुठे गेलेली नाही. सुरतेलाही नाही."

"गाडी तर रोज गावातून जाते."

"गाडी जाते." ती पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवीत राहिली. "मी दवाखान्यात जाते."

त्याच्या ओठांवर काहीतरी आले होते... तेवढ्यात मनिऑर्डरवाला आला, आणि ते तसेच राहिले.

दोघे गावातल्या एकाच ख्रिस्ती मंडळीतले होते. रविवारी उपासनेला सारे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणत. एस्तेरने त्याला एकदाही 'शमुवेलबंधू' म्हटले नव्हते. हे त्याच्या नीट ध्यानात होते. आपल्या घरमालकिणीला, गंगीबाईला, त्याने ते सांगितलेही होते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. जर्मनीचे टपाल थांबले. आठवड्याच्या आत सरकारी माणसे येऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन गेली. शत्रुदेशाच्या नागरिक म्हणून त्यांना छावणीत राहायचे होते. दवाखान्याला कुलूप लागले. एस्तेर आपले खोके डोक्यावर घेऊन दोन कोसांवरच्या गावी, बापाच्या शेतावर परतली.

तिचा बाप याकूब मंडळीचा जुना सभासद होता. मुलीचे काम गेले, बायको कधीच गेली होती, आणि त्याच्या छातीत हिवाळ्यापासून दुखत होते. त्याने शेजारच्या गावातल्या एका बिजवर शिक्षकाला शब्द दिला. माणूस वाईट नव्हता. पण एस्तेरला कोणी विचारले नव्हते. रिवाजाप्रमाणे तीन रविवार मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाची पुकार व्हायची होती; कोणाची हरकत असेल तर ती तेव्हा सांगायची. पहिली येत्या रविवारी होती.

हे शमुवेलला कळले त्याच आठवड्यात त्याला लष्करी टपालात रुजू होण्याचा हुकूम आला. शनिवारी सकाळच्या गाडीने सुरत, तिथून मुंबई, आणि पुढे जिथे पाठवतील तिथे. सुरतेला त्याचा थोरला भाऊ चर्चचा पाळक होता. एस्तेर बरोबर आली, तर तिथे लग्न लागू शकत होते. मात्र हे तिला कळवायचे कसे? याकूबच्या घरी आलेले पत्र याकूबच आधी वाचणार. पुष्कळ विचार करून त्याने कार्ड लिहिले. दोघांच्या रोजच्या भाषेत लिहिले, म्हणजे बापाला संशय येऊ नये.

"एस्तेरबाईंस, प्रभूमध्ये नमस्कार. दोन तिकिटे घेण्याचा विचार आहे. जोडी सुटी होऊ नये, असे मनापासून वाटते. शनिवारी सकाळी त्यांच्यावर नवापूरचा शिक्का पडेल. तुमचा होकार शुक्रवारच्या टपालाने यावा. — शमुवेल."

याकूबने कार्ड वाचले आणि तिच्यापुढे टाकले. "घे. तुझ्या तिकिटांचेच काहीतरी आहे."

शमुवेल गाव सोडणार हे तिला ठाऊक नव्हते. तिने कार्ड चार वेळा वाचले. या आठवड्यात तो काहीतरी लिहील, निदान एक शब्द... या आशेवर ती होती. आणि त्याने लिहिले काय, तर तिकिटे! शिवाय एकमेकांना चिकटलेल्या कोऱ्या तिकिटांच्या जोडीवर हा मनुष्य नवापूरचा शिक्का ठोकणार. वर्षभर शिकवले ते सारे फुकट. रडू आणि राग एकत्र आले. तिने उत्तर लिहिले :

"तिकिटांवर नवापूरचा शिक्का मारू नये. विनाकारण खराब होतील. मला ती नकोत. — एस्तेर."

शुक्रवारी दुपारी कार्ड शमुवेलच्या हाती आले. आलेल्या कार्डावर शिक्का मारणे त्याचेच काम होते. त्याने तो मारला. नीट, सरळ, वाचता येईल असा.

रविवारी पाऊस रिपरिपत होता. बापाच्या मागे चालत एस्तेर देवळाकडे निघाली. गंगीबाईच्या दाराशी तिची पावले अडखळली. याकूब पुढे गेला.

"पोस्टातले... बरे आहेत ना?"

"तो तं कालच गया, बेटी. सकायनी गाडीवर." गंगीबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. "माले म्हने, दोन तिकिटं काढसू. एक मन्हं, एक एस्तेरनं. सुरतले मन्हा भाऊ शे, तठे लगीन लावसूत. मंग तुन्हं कार्ड उनं... जेवना बी नही. एकच तिकीट काढं, आन् गया."

तिकीट! एस्तेरने दाराची चौकट धरली. रेल्वेचे तेही तिकीट, टपालाचे तेही तिकीट. गाडीच्या तिकिटावरही नवापूरचाच शिक्का पडतो, तारखेसह. जोडी सुटी होऊ नये...

"कुठे गेले? पुढे कुठे?"

"सुरतवरथीन कोठे जानं, ते त्यालेच ठाऊक नही. फौजनं काम शे."

देवळात बायकांच्या बाजूला ती चटईच्या टोकाशी बसली. प्रार्थना झाली, वाचन झाले. पाळकांनी चष्मा सारखा केला आणि तिचे नाव वाचले, मग शिक्षकाचे. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावे," असे म्हणून ते सवयीने पुढचा कागद उलटू लागले.

"हरकत आहे."

माना वळल्या. पाळक गोंधळले. "कोणाची हरकत?"

"नवरीची," एस्तेर उभी राहून म्हणाली.

घरी परतताना एक कोस मागे पडला. चिखलात पायांचा आवाज तेवढा होत होता. नाल्याच्या अलीकडे याकूब थांबला. छातीवर हात ठेवून त्याने श्वास घेतला.

"पोस्टातला?"

"हो."

"तो तर गेला म्हणतात."

"गेला."

"तुला काही बोलून गेला?"

"बोलला होता. मला समजले नाही."

"पत्ता?"

"नाही."

"ज्याचा पत्ता नाही, त्याच्यासाठी भर देवळात माझी मान खाली घातलीस?" आवाजात राग फारसा नव्हता, थकवाच जास्त होता. "काय करणार आहेस आता, पोरी?"

एस्तेरने त्याचा हात धरून त्याला नाल्याच्या निसरड्या दगडावर पाय ठेवायला मदत केली. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली,

"त्याचा पत्ता माझ्याजवळ नाही, आबा. पण माझा त्याच्याजवळ आहे... तो पत्ता बदलायला नको."