कंपगाळणी

कुंदा वाढई दोन्ही हातांनी कप धरायची, तरी चहा सांडायचा. तेच हात नियंत्रकाच्या दांड्यांवर आले, की ड्रोन खाणीबाहेर टांगलेल्या टायरमधून कुठेही न घासता आरपार जायचा. डोळ्यांवरच्या चष्म्यात तिला ड्रोनसमोरचं दृश्य दिसे. त्यात थरथरीचा मागमूस नसे.

ही किमया कंपगाळणीची. पूर्वी बचावपथकातला प्रत्येक चालक आपल्या हाताला साजेसे रेट लावून घेई. दांडी जराशी हलली तर ड्रोनने किती ऐकायचं, टोकाला नेली तर किती वेगानं वळायचं, ते या रेटवर ठरे. कुंदाचा हात कापू लागला, तसा तंत्रज्ञ प्रफुल चटप संवेदनशीलता उतरवत गेला. हादरे गेले, पण ड्रोन इतका सुस्तावला की अरुंद बोगद्यात वळेना. मग ही यंत्रणा आली. ती चालकाचा हात शिकते, थरथर गाळते आणि फक्त हेतू पुढे पाठवते.

"ताई, आता रेट तीच लावते. क्षणाक्षणाला," प्रफुल म्हणाला होता. कुंदाचं काम टिकलं. जमिनीखाली ड्रोन उडवणारं दुसरं कोणी आसपासच्या खाणींत नव्हतंच.

पावसाळ्यानंतर खाणीचं छत कोसळलं. चार माणसं आत अडकली. त्यांतल्या तिघांनी पाइपवर केलेली ठकठक ऐकू येत होती. ते शेवटच्या बोगद्यात असावेत. चौथ्याचा, देवाजी कोवेचा, पत्ता नव्हता. ड्रोनने जिवंत माणसांपाशी जागा कळवणारी खुणेची डबी टाकायची आणि तिच्या रोखानं वरून भोक पाडायचं, असं ठरलं. छिद्रण यंत्र एकच होतं.

कुंदानं ड्रोन आत घातला. मागे चित्र आणि आज्ञा वाहून नेणारा काचतंतूचा धागा उलगडत होता. मोडलेल्या खांबांमधून वाट काढत ती बोगद्याला दोन फाटे फुटतात तिथं आली आणि उजवीकडे तिला दिवा दिसला. टोपीवरचा, मंद, हलणारा.

तिनं दांडी उजवीकडे दाबली. ड्रोन सरळच गेला.

"प्रफुल, वळत नाहीये! उजवीकडे कोणीतरी आहे!"

"गाळणीला ती थरथर वाटतेय, ताई."

"मग काढ ना गाळणी!"

प्रफुलचं बोट गाळणी बंद करायच्या कळीवर होतं. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. ते पानासारखे कापत होते. "काढली तर ड्रोन खांबावर आदळेल. दुसरा नाही आपल्याकडे. पुढे तिघं आहेत, ताई."

"काढ म्हणते ना!"

त्यानं कळ दाबली नाही. दिवा चष्म्याच्या कडेला सरकला आणि दिसेनासा झाला. पुढच्या वळणापलीकडे तिघं भिंतीला टेकून बसले होते. कुंदानं डबी टाकली. परत फिरण्याइतकी बॅटरी उरली नव्हती.

तिघं जिवंत बाहेर आले. खाणीच्या फाटकापाशी लोकांनी कुंदाला हार घातला. यंत्रणा बनवणाऱ्यांनी त्या उड्डाणाची नोंद मागून नेली आणि चालकाच्या घाबरटपणावर गाळणीनं मात केली, असं कळवलं. उजवीकडची वाट मोकळी झाली तेव्हा देवाजी सापडला. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत होता.

कुंदा त्याच्या घरी गेली. त्याची बायको सुगंधा ओसरीत तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ह्यांचा दिवा तुम्हाला दिसला होता म्हणतात. खरं हाय का?"

"हो."

"मंग तिकडं वळल्या काहून नाही?"

वळले होते, हे शब्द कुंदाच्या ओठांवर आले आणि तिथंच थांबले. दिवा पाहून आपण किती दचकलो होतो, ते तिला आठवत होतं. गेलं वर्षभर आपल्या हाताचं काय आपलं आणि काय नाही, हे गाळणीच ठरवत आली होती. चष्म्यात जे उमटे, त्यालाच ती स्वतःचा हात मानत आली होती.

कुंदानं आपले हात मांडीवर घट्ट धरून पाहिले, तरी ते हलतच राहिले. त्या क्षणी हा हात देवाजीकडे वळला होता, की नुसताच थरथरला होता?